‘पाच किलोच्या आतली घ्या, बाकी नखरे’ : कोकणात बाबागाडी घेताना

पाखाडीवरची

‘नवीन बाळासाठी स्वस्त आणि हलकी बाबागाडी सुचवा’ या प्रश्नाला काल या मंचावर एका ओळीत उत्तर आलं : ‘कोकणात छत्रीसारखी मिटणारी घ्या, पाच किलोच्या आत, दोन-अडीच हजारांत मिळते, बाकी सगळे नखरे.’ त्याला भराभर अंगठे मिळाले. विचारणाऱ्या ताईंचं बाळ तीन आठवड्यांचं आहे हे कुणी वाचलंच नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

छत्रीसारख्या गाडीची बैठक म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेलं कापड. खाली फळी नसते, पाठ थोडीशीच मागे जाते. मान न धरलेलं बाळ त्यात ठेवलं की अंग कमरेत दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळ रडत नाही, शांत झोपलंय असंच वाटतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. युरोपच्या ईएन १८८८ या मानकात जन्मापासून वापरायच्या गाडीला बैठक आणि पाठ यांच्यात किमान १५० अंशांचा कोन मागितला आहे. साध्या छत्री गाड्यांच्या खोक्यावरच ‘६ महिन्यांपुढे’ असं छापलेलं असतं. आपण खोकं उघडून फेकून देतो.

दुकानात गेलात की पाठ पूर्ण पाडा आणि पाच किलो तांदळाची पिशवी मध्ये ठेवा. पिशवीखाली कापडाला खोल झोळ आला तर माहितीच्या कागदावर १७० अंश लिहिलं असलं तरी ती सपाट नाही. पाठीखाली आणि बुडाखाली कडक फळी लागली पाहिजे, आणि पायाकडची पट्टी वर येऊन बैठकीच्या रांगेत बसली पाहिजे. पट्टा पाच ठिकाणी बांधायचा हवा : दोन खांदे, दोन कंबर, एक मांड्यांमधून. मधला नसेल तर बाळ खाली सरकतं आणि खांद्याचे पट्टे गळ्याशी येतात.

दुसरं, चाकं. पाच इंची टणक प्लास्टिकची चाकं टाइल्सवर छान पळतात. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांमधल्या सांध्यात पुढचं चाक आडवं होऊन अडकतं आणि गाडी जागीच पुढे कलते. त्यापेक्षा आठ-नऊ किलोची, मोठ्या चाकांची, पूर्ण झोपवता येणारी घ्या.

देवगड_तिठा

नवजात बाळाचा मुद्दा मान्य. पण त्यावरून थेट ‘आठ-नऊ किलोची घ्या’ इथवर कसं पोचलात? आयडी पाखाडीवरची घेतलीत आणि पाखाडीच, म्हणजे पायऱ्यांची वाटच, विसरलात.

आपल्याकडे गाडीरस्ता वर आणि घर खाली. मध्ये चिऱ्याच्या पायऱ्या, शेवाळ धरलेल्या, कुठे पाऊल बसेल इतक्या तर कुठे गुडघ्याएवढ्या उंच. बाबागाडी तिथे ढकलत नाहीत, उचलतात. नऊ किलोची गाडी, काखेत सहा किलोचं बाळ, वर पिशवी. सिझेरियन झालेल्या बाईला पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको असं डॉक्टर सांगतात. घरातले पुरुष मुंबईला किंवा बोटीवर. मग उचलणार कोण ते सांगा. वजन ही चैनीची बाब नाही, ती पहिली अट आहे.

एसटीत चढा, रिक्षात बसा, रेल्वेचा पादचारी पूल ओलांडा. फलाट दोनवरून एकवर यायला जिन्याखेरीज वाट नाही अशी कितीतरी स्टेशनं आहेत. एका हाताने मिटत नाही ती गाडी एकट्या आईच्या कामाची नाही.

आणि छत्री गाडी म्हणजे कुणी तरी स्वस्तात उरकलेला माल, हा समजही चुकीचा. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या विमान क्षेत्रातल्या इंजिनिअरने तिची रचना केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला माणूस. अॅल्युमिनियमच्या नळ्या, तीन किलोंच्या आत वजन. हलकं म्हणजे तकलादू असं नसतं.

पाखाडीवरची

इतिहास सांगताय तर पुढचाही सांगा. त्याच नावाच्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख छत्री गाड्यांसाठी बिजागरीवर घालायची कापडी आवरणं द्यावी लागली. गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी होत्या. आज बाजारात फिरणाऱ्या अडीच हजारांच्या नकलांची बिजागरी उघडीच असते. गाडी उघडताना आणि मिटताना मूल दोन हात लांब, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

सिझेरियनचं बरोबर आहे. तेवढं मागे घेते : पाखाडी असेल तर आठ-नऊ किलो नको. पण म्हणून पाच किलोंची सहा महिन्यांआधी वापरा असं होत नाही. साडेसहा-सात किलोंत खोक्यासारखी मिटणारी, पाठ पूर्ण पडणारी गाडी येते. पाच ते आठ हजार पडतात. ती बर्थखाली सरकते, रिक्षात सीटच्या मागे बसते. छत्री गाडी मिटल्यावरही मीटरभर लांब राहते, एसटीत उभी धरून बसावं लागतं.

मिस्त्री_कुडाळ

दोघंही वजन आणि कोन यावर भांडताय. इथे गाडी मरते ती गंजाने. दुरुस्तीला जे येतं त्यात कापड फाटलेली गाडी क्वचित, सांधा खाल्लेलीच जास्त. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहत असाल तर आधी खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात जा.

नळीला चुंबक चिकटला की लोखंड. वर कितीही चकचकीत पावडर कोटिंग असो, नळी कापलेल्या टोकाला आणि रिव्हेटच्या भोकात आत रंग नसतो. पावसाचं पाणी तिथून आत शिरतं आणि नळी आतून सडते. बाहेरून रंगाला बारीक फोड दिसले की आतला पत्रा पातळ झालेला असतो. फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत गेलं तर ती गाडी बाळासाठी संपली. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, पातळ नळी शेजारून तुटते.

चुंबक चिकटला नाही तर अॅल्युमिनियम. ते चांगलं, पण रिव्हेट आणि आस बहुतेक लोखंडीच. खारी ओल आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली तर समजा सुरुवात झाली. पुढे भोक मोठं होतं, सांधा खुळखुळतो, गाडी एका बाजूला ओढायला लागते. लोक चाकाला दोष देतात.

वेंगुर्ल्याची_वहिनी

दादा, इतकं कशाला? पावसाआधी सगळ्या सांध्यांना आणि चाकांना खोबरेल चोळायचं. घरात असतंच.

मिस्त्री_कुडाळ

वहिनी, चाकाला खोबरेल अजिबात नको. तेल लागलं की वाळू चिकटते, आणि तेल-वाळूचा लगदा आस कानशीसारखी घासतो. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बरणीत दिसतं ना, तसंच बुशमध्ये, म्हणजे आसाभोवतीच्या नळकांड्यात, थिजतं आणि चाक जड फिरतं.

करायचं ते असं. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी चाकं आणि खालचा सांगाडा गोड्या पाण्याने धुवा, एक बादली पुरते. नुसतं फडक्याने पुसू नका. मीठ हवेतली ओल खेचतं, त्यामुळे कोरडी दिसणारी गाडी रात्रीत पुन्हा ओली होते. मग उलटी करून वाळवा, म्हणजे नळीतलं पाणी निथळेल. चाकं खटक्याने निघत असतील तर काढा, आसावर गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापा, सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा आणि जास्तीचं पुसून टाका. पट्ट्याच्या बकलला तेलही नको, सिलिकॉनही नको. कोमट पाण्यात बुडवून खटखट करा, आतली वाळू निघते.

वेंगुर्ल्याची_वहिनी

चाकाचं पटलं. पण लोखंडी नळीवर बाहेरून तेलाचा हात फिरवला तर वाईट काय? विळी-कोयत्याला आपण लावतोच.

मिस्त्री_कुडाळ

बाहेरून वाईट नाही, पण उपयोगही नाही. बाहेर रंग आहेच. गंज आतून येतो तिथे तुमचा हात पोचत नाही. आणि धरायच्या मुठीच्या फोमला तेल लागलं की तो बुळबुळीत होतो. घाटीचा उतार उतरताना मूठ सटकणं परवडायचं नाही.

आजीची_ओटी

तुम्ही गंजावर रामायण लिहिताय. मुळात गाडी हवीच कशाला? साडीची झोळी आहे, पाळणा आहे, कडेवर घ्यायला घरात चार माणसं आहेत. मूल उभं राहायला लागलं की सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा आणा. कोकणातली मुलं अशीच मोठी झाली. चाकरमानी गणपतीला गाड्या घेऊन येतात आणि त्या खळ्यात रुतून बसतात.

देवगड_तिठा

‘घरात चार माणसं’ कुठल्या घरात हो? अर्ध्या वाडीत कुलपं आहेत. जिथे दिवा लागतो तिथे एक म्हातारी आणि एक सून. चार माणसांच्या जोरावर आजच्या बाळंतिणीला सल्ले देऊ नका, राग येतो. तिची कंबर कडेवर मूल घेऊनच जाते, आणि मग तिलाच नाजूक म्हणतात.

पाखाडीवरची

झोळीबद्दल मीही बोलणार. साडीच्या झोळीत बाळाची पाठ धनुष्यासारखी वाकते, हनुवटी खाली जाते. छत्री गाडीला लावला तोच आक्षेप तिलाही. नवजात बाळाला सपाट पाळणाच बरा. अंगावर बांधायचं तर बाळ उभं, छातीशी, आपण मान वाकवली की त्याच्या टाळूला ओठ टेकतील इतकं वर, चेहरा उघडा आणि हनुवटीखाली बोट जाईल एवढी मोकळीक. मे महिन्यात दोन अंगांचा घाम एकत्र होतो, तेव्हा फार वेळ नको.

पांगुळगाडा चांगलाच. पण तो ढकलत चालायचा, मूल आपल्या पायावर उभं राहू लागल्यावर. त्याच्या नावाखाली बैठकीचा वॉकर आणतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यात बसलेलं मूल पडवीच्या पायरीपर्यंत क्षणात पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

आजीची_ओटी

वॉकरच्या बाजूने मी नाहीच. पांगुळगाड्याला ‘चांगलाच’ म्हणालात, तेवढं पुरे. पण शहाबादी फरशीवर तो नुसता पळतो, मूल तोंडावर आपटतं. त्याच्या चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट बसवा, किंवा आडव्या दांड्याखाली वाळूची छोटी पिशवी बांधा. आणि गाडी घेणारच असाल तर बाजाराची पिशवी मुठीला अडकवू नका. नारळ भरलेली पिशवी मागच्या चाकांच्या मागे लोंबते, बाळाला उचललं की गाडी उताणी पडते.

देवगड_तिठा

हे मात्र लाखमोलाचं बोललात. खालच्या टोपलीचीही मर्यादा बहुधा दोन-तीन किलोंचीच असते, वाचून घ्या.

उतारावरचा ब्रेक कुणीच लिहिला नाही. स्वस्त गाडीत प्लास्टिकची खुंटी चाकाच्या आतल्या खाचेत बसते. खाचेत वाळू किंवा लाल मातीचा चिखल भरला की खुंटी अर्धीच जाते, पेडल दाबल्यासारखं दिसतं आणि गाडी धक्क्यानेच सुटते. पेडल दाबल्यावर गाडी मागेपुढे हलवा, ‘खट्’ असा आवाज येऊन दोन्ही चाकं अडली पाहिजेत. एका पेडलने दोन्ही चाकं धरणारी असेल तर उत्तम. दुकानाबाहेर उतार शोधा, गाडीत दहा किलो तांदूळ ठेवा, ब्रेक लावा आणि हात जवळ ठेवून सोडा. उतारावर गाडी नेहमी आडवी उभी करा. फार उभी घाटी असेल तर स्वतः खालच्या बाजूला राहून उलटं उतरा आणि मनगटाला पट्टा बांधा, नसेल तर सुती नाडी शिवून घ्या. वाळूत ढकलू नका, पुढची चाकं वर उचलून मागे ओढत न्या. आणि पायऱ्यांवर बाळासकट गाडी उचलू नका. पुढच्या आडव्या दांड्याला धरून उचलतात, तो दांडा खटक्याचा असतो, निघून हातात येतो.

पाखाडीवरची

एकूण तुम्ही पाच किलोंवरून सात किलोंवर आलात की नाही ते लिहा.

देवगड_तिठा

बाळ सहा महिन्यांच्या आत असेल तर सात. बसायला लागल्यावर पाचच, त्यावरून हलणार नाही. गाडीचे दोन-अडीच हजार, बाळ बसू लागल्यावर खर्च करा आणि तोवर पाळण्यावर भागवा, हाही एक हिशोब आहे आणि गरीब घरासाठी तोच बरोबर.

पाखाडीवरची

सिझेरियननंतर तपासणीला, लसीला दर वेळी रिक्षाच करायची का? तिथे तुमचा हिशोब फसतो. पण पाळण्यावर भागतं, हे खरं.

मिस्त्री_कुडाळ

मुंबईहून आलेली जुनी गाडी फुकट मिळत असेल तर दोघांच्याही आधी ती बघा. उघडल्यावर गाडी अचानक मिटू नये म्हणून असलेला दुसरा खटका लागतो का, पट्ट्याची शिवण उसवली आहे का, चारही चाकं जमिनीला टेकतात का. एक चाक अधांतरी असेल तर सांगाडा वाकलेला आहे, फुकट असली तरी नको.

जून ते सप्टेंबर गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आठवड्यात कापडावर काळे ठिपके येतात. उघडी ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. उघडीप मिळाली की बैठकीचं कापड काढून उन्हात टाका. बुरशी आली तर साबण आणि पांढरं व्हिनेगर. ब्लीच नको, त्याने पट्ट्याचा नायलॉन कमकुवत होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पावसाचं प्लास्टिक कव्हर सर थांबली की लगेच काढा. उन्हासाठी वरून दुपटं टाकायची पद्धत तर बंदच करा, हवा कोंडते आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. मच्छरदाणीची जाळी चालेल, ती बांधताना खालून इलॅस्टिक घट्ट बसलंय का बघा, डास चाकांच्या बाजूनेच आत येतात.