‘आठ मेगापिक्सेल लावा नि निवांत झोपा’ म्हणे! आमची स्कूटर गेली त्याचं काय?

गोदाकाठ:
काल इथेच एकाने लिहिलं, "सोसायटीत आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे लावा आणि निवांत झोपा. लेन्स, हाउसिंग (कॅमेऱ्याचं बाहेरचं कवच) वगैरे विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ आहे." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत आठ मेगापिक्सेलच आहेत. जूनमध्ये रात्री अडीचला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची स्कूटर गेली. बाइकवर दोघं येतात, एक उतरतो, हँडललॉक मोडतो, दोघं निघून जातात. फुटेजमध्ये सगळं दिसतं, पण डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके आणि नंबरप्लेटच्या जागी पांढरा चौकोन. पेनड्राइव्ह बघून हवालदार म्हणाले, "मॅडम, माणसं आहेत एवढंच कळतंय." काका स्कूटरचे हप्ते अजून भरतायत.

मग मी हिशेब मांडला. खांबापासून गेट 14 मीटर. लेन्स 2.8 मिलिमीटरची, म्हणजे साधारण 105 अंशांचा पसारा; आकडा वाढला की पसारा कमी होतो. गेटपाशी तो कॅमेरा 36 मीटर रुंदीचा पट्टा बघतो. आठ मेगापिक्सेलच्या चित्रातले आडवे 3840 पिक्सेल, म्हणजे ठिपके, त्यावर वाटले की मीटरला 105 येतात. अनोळखी माणूस ओळखायला मीटरला 250 लागतात. दुचाकीची मागची प्लेट 20 सेंटीमीटर रुंद, तिच्या वाट्याला 21 पिक्सेल! त्यात दोन ओळी कशा वाचणार? याच खांबावर 12 ची लेन्स आणि साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा असता, तर साडेसहा मीटरचा पट्टा आणि मीटरला जवळजवळ 300 पिक्सेल मिळाले असते. अंतर मोजा, लेन्स ठरवा, मेगापिक्सेलचं नंतर बघा.

वायरमन_सातपूर:
ताई, हिशेब बरोबर आहे, पण अर्धा. पंधरा वर्षं वायर ओढतोय म्हणून सांगतो, तुमची प्लेट पांढरी पडली ती फक्त पिक्सेलमुळे नाही. आत्ताच्या हायसिक्युरिटी प्लेटवर आयआरचा, म्हणजे अंधारात बघायला लागणाऱ्या न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा, झोत पडला की तो सरळ परत येतो आणि अक्षरं जळून जातात. शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून जलद केलं नाही, तर 12 ची लेन्ससुद्धा तुम्हाला चकचकीत मोठा पांढरा चौकोनच दाखवेल. आणि तसं शटर केलं की बाकी गेट काळोखात जातं. म्हणून प्लेटला एक कॅमेरा, गेटला दुसरा.

पण दुसरा म्हटलं की कमिटीच्या कपाळाला आठ्या! कोटेशन देतो तेव्हा हेच लोक मोबाइलवर किंमत काढून तोंडासमोर धरतात. एप्रिल 2025 पासून चाचणी झालेलेच कॅमेरे विकायचे असा केंद्राचा नियम आहे, तरी जुन्या दरात द्या म्हणतात. आणि प्रत्येकाला "पूर्ण गेट दिसलं पाहिजे". मी 2.8 लावतो ते तुम्हीच मागता म्हणून.

अरुंद लेन्सचंही ऐका. अंबडला एका कारखान्यात मालकाच्या हट्टापायी गेटवर 12 ची लावली. चोर कंपाउंडवरून आला, फ्रेमच्या दोन मीटर बाहेरून. तांब्याची भेंडोळी गेली, फुटेजमध्ये रिकामं गेट.

बागाईतदार:
लेन्सवर भांडताय, हाउसिंगचं कोणी बोलतच नाही. दिंडोरीकडे माझी द्राक्षबाग आहे. बागेत बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं औषध) मारतो त्याचे तुषार वाऱ्याने कॅमेऱ्यावर येतात, वाळले की निळसर पांढरा थर बसतो. पहिले दोन बुलेट (नळीच्या आकाराचे) कॅमेरे माणसाने कोरड्या फडक्याने पुसले, पुढचं प्लास्टिक ओरखडून दुधी झालं, भंगारात गेले. आता वेगळं हाउसिंग आहे, वर उन्हासाठी पत्र्याची छपरी, पुढे काच. आधी पाणी मारायचं, मग पुसायचं. चार वर्षं चाललंय.

आणि आयपी 67, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, असं लिहिलंय म्हणून खुश होऊ नका. माझ्याकडे पाणी कॅमेऱ्यात नाही गेलं, मागच्या वायरच्या शेपटीच्या जोडात गेलं. जोड जंक्शन बॉक्समध्ये न घेता भिंतीवर लोंबत ठेवला होता.

वायरमन_सातपूर:
भाऊ, जोडाचं शंभर टक्के खरं. पण तुमचं वाचून कोणी आयआरवाला बुलेट काचेच्या हाउसिंगमध्ये घालेल आणि रात्री पांढरं धुकं बघत बसेल. काचेवरून आयआर आतच उलटतो. दिवा बाहेर वेगळा लागतो, हे लिहायला हवं होतं.

बागाईतदार:
दिवा बाहेरच आहे, दोन हात लांब. लिहायचं राहिलं, मान्य. कॅमेऱ्यालाच दिवा असला की किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं हललं की रात्रभर मोबाइल वाजतो. मला अलार्म नीट लागतो, कारण आमच्याकडे बिबट्या आहे. घराच्या कॅमेऱ्यात मागच्या महिन्यात आला, क्लिप गावाच्या ग्रुपवर टाकली, सगळे सावध झाले.

दारणाकाठची:
या क्लिपांनीच जीव नकोसा केलाय! आमच्याकडे अशीच एक फिरली. वर तारीख 01-01-2000. कोणाच्या तरी रेकॉर्डरची बॅटरी मेलेली, घड्याळ कोणी लावलेलं नाही. क्लिप कधीची, कुठली, कोणालाच ठाऊक नाही. तीन दिवस पोरं शाळेत गेली नाहीत, ऊसतोडीच्या बायकांची मजुरी बुडाली. दादा, तुमच्या क्लिपवर तारीख होती का? आणि तो बिबट्याच होता कशावरून?

बागाईतदार:
ताई, माझं वासरू गेलंय. तुम्ही मला बिबट्या शिकवू नका. वनविभागाने पिंजरा उगाच लावला का?

दारणाकाठची:
वासराचं वाईटच झालं. पण आमच्या दारणा नदीकाठी उसात बिबटे आहेत म्हणूनच बोलते. खोट्या क्लिपा इतक्या येतात की खरी आली तरी लोक आता बघत नाहीत. माझ्या जावेच्या अंगणात खरोखर आला तेव्हा शेजारी म्हणाले, "परत तेच." कोणी दार उघडलं नाही.

गोदाकाठ:
भाऊ, रागावू नका, पण घराचा कॅमेरा कुठला आणि जनावर किती लांब होतं?

बागाईतदार:
चार मेगापिक्सेल, 2.8. जनावर गोठ्यापाशी होतं, कॅमेऱ्यापासून 25 मीटर असेल.

गोदाकाठ:
25 मीटरवर तो 65 मीटरचा पट्टा बघतो. मीटरला 39 पिक्सेल. बिबट्या खांद्यापाशी साधारण 65 सेंटीमीटर उंच, म्हणजे 25 पिक्सेल. एवढ्यात थोराड कुत्राही तसाच दिसतो.

बागाईतदार:
शेपटी लांब होती, मी डोळ्यांनी पाहिलं. बिबट्याच होता. पण क्लिप बघून माझ्या भावालाही कुत्रा वाटला, हे खरं. गोठ्याकडे 8 ची लेन्स लावतो. घड्याळही आजच लावलं, सात मिनिटं मागे होतं.

दारणाकाठची:
एवढंच म्हणत होते, दादा. वासराचा पंचनामा झाला ना? पैसे मिळेपर्यंत पाठ सोडू नका.

वायरमन_सातपूर:
ताई, एक विचारतो. ते 14 मीटर टेप लावून मोजलंत का?

गोदाकाठ:
नाही. पावलांनी. आत्ता वॉचमनला घेऊन टेप लावला. 16 मीटर 40.

वायरमन_सातपूर:
म्हणजे 12 ची लेन्ससुद्धा 250 च्या काठावर. खांबाचा नाद सोडा. वॉचमन केबिनच्या भिंतीवर अडीच ते तीन मीटर उंचीवर घ्या, जास्त वर नको, नाहीतर नुसती हेल्मेटं दिसतात. तिथून गेट किती?

गोदाकाठ:
6 मीटर. टेपने.

वायरमन_सातपूर:
मग 6 ची लेन्स, दोन मेगापिक्सेल. मीटरला साडेतीनशेच्या आसपास मिळतील. आठवाला खांबावरच राहू द्या, कोण कुठून आलं ते बघायला. प्लेटचा तिसरा कमिटी मंजूर करेल तेव्हा.