जुन्या चहाच्या हॉटेलात सिमेंट-सनमायका नको, तर दुरुस्ती कशी करायची?

बाजारचौक: यवतमाळ जिल्ह्यातल्या बाजाराच्या गावी एक जुनं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. सागवानी खांब, चुन्याच्या भिंती, संगमरवरी टेबलं. भिंतीला खालचे तीन फूट ऑइलपेंट आहे, तो फुगून पोपडे निघतात, आतून पांढरी बुकणी पडते. मालक म्हणतात, गिलावा उडवून सिमेंट मारू, खांब रंगवू, टेबलांना सनमायका लावू. आतलं रूप न मोडता काही होईल का? धंदा फार दिवस बंद ठेवता येणार नाही.

चुनागारा: सिमेंट अजिबात नको, भाऊ. जमिनीतली ओल भिंतीत चढते. चुना ती बाहेर सोडतो, ऑइलपेंट अडवतो. अडलेलं पाणी सोबत क्षार आणतं, तीच ही बुकणी. सिमेंटनं ओल आणखी वर चढेल.

आधी बाहेर पाहा. दरवेळच्या डांबरीकरणानं रस्ता जोत्याच्या वर गेला असेल, कवेलूंचं पाणी पायाशी पडत असेल, तर पहिला खर्च नालीवर करा. मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा, सांध्यातला भुसभुशीत चुना अर्धा-पाऊण इंच खरवडा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतले की ते परत आत मुरतात.

नव्या गिलाव्यात 1 भाग मुरवलेला चुना, 1 भाग सुरखी (विटांची भुकटी), 2 भाग धुतलेली रेती. एक थर 10-12 मिमी, पहिला घट्ट झाला की दुसरा. आठ-दहा दिवस ओली पोती. दिवाळीनंतर काम काढा. मे महिन्याच्या 45 अंशांत गिलावा पकडण्याआधीच वाळतो आणि हात लावला की झडतो. वर चुन्याचे तीन पातळ हात, प्लॅस्टिक पेंट नाही. एकेक भिंत घेतली तर हॉटेल चालू राहतं.

रंधा: खांबांना कॉस्टिक सोडा लावू नका, सागवान काळं पडतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, खाण्याच्या जागी कोरडा पॉलिशपेपर नकोच. रिमूव्हरचा लेप लावा, रंग सुटला की रेषेच्या दिशेनं पातं चालवा. नंतर बॉइल्ड जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पातळ हात, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्या. घाण्याचं कच्चं तेल कित्येक दिवस चिकट राहतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा. चुलीवरच्या लाकडी पाट्यांची काजळी आधी कोरडीच काढा, पाणी लागलं की ती लाकडात बसते.

शहाबादी: संगमरवराला सनमायका लावणं म्हणजे चांगला दगड कायमचा घालवणं. लिंबू, चिंच, ॲसिड टाळा, चकाकी जाते. तेलाच्या डागावर खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून थापा (जवळ शेगडी नको), प्लॅस्टिकनं 24 तास झाका, मग उघडं वाळू द्या. तर्रीतल्या हळदीचा डाग मात्र उन्हात आपसूक फिका होतो. टेबलाची संगमरवरी फळी उचलताना उभी धरा, आडवी नेली तर स्वतःच्याच वजनानं मोडते.

बाजारचौक: खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेगही आहे. उन्हाळ्यात रुंदावते.

चुनागारा: काळी कन्हार जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून वर्षभर महिन्याला अंतर मोजा. पावसाळ्यात मिटत असेल तर चुन्यानं भरा. वाढतच गेली तर गिलाव्याला हात लावण्याआधी पाया इंजिनिअरला दाखवा.