साहेबांनी मला 'लूज कॅनन' म्हटलंय, हे कौतुकच ना?

रंकाळा_काठ:
मंडळी जरा सांगा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे मी. परवा क्लायंटच्या कॉलवर सरळ बोललो की तुमचं ड्रॉइंगच चुकलंय, कास्टिंगचा काय दोष न्हाई. संध्याकाळी साहेबांचा मेल, त्यात माझ्याबद्दल 'अ बिट ऑफ अ लूज कॅनन'. आता कॅनन म्हणजे तोफ एवढं कळतंय, आणि आपल्याकडं दणकून बोलणाऱ्याला मुलुखमैदान तोफच म्हणतात की, म्हणून खूश होऊन दोघा दोस्तांना मिसळ पण चारली. त्यातलाच एक आता म्हणतोय अर्थ वेगळा आहे.

गडकरी_पन्हाळा:
भावा मिसळीचे पैसे परत माग 😀 जहाजावरचा शब्द आहे तो. जुन्या शिडाच्या लढाऊ जहाजांवर तोफा चाकाच्या लाकडी गाड्यावर असायच्या, जाड दोरखंडानं आवळलेल्या. ३२ पौंडी गोळ्याची तोफ म्हटलं तरी जवळपास ३ टन वजन. वादळात दोर तुटला की जहाज कलंल तिकडं ही धावणार, वाटेत येईल त्याला चिरडणार. शत्रूला काडीचा त्रास न्हाई, मरायचे ते आपलेच खलाशी. म्हणून आपल्याच बाजूचा पण कधी काय बोलंल भरवसा न्हाई, असा माणूस म्हणजे लूज कॅनन.

ऊसवाला:
म्हंजे चढावर ट्रॉलीची पिन निसटल्यासारखं. आमच्याकडं एकदा भरलेली ट्रॉली मागं सुटली, ड्रायव्हर नुसता बघत उभा. शेवटी कुणाच्यातरी गोठ्याच्या भिंतीला जाऊन थांबली, म्हसरं वाचली हे नशीब.

मास्तर_शाहूपुरी:
ट्रॉलीचं उदाहरण चोख. हा शब्द माणसालाच लावतात, राजकारणात तर सर्रास, आपले पेपरवाले वाचाळवीर म्हणतात त्याच्या जवळचा, फक्त वाचाळवीर तोंडानंच घोटाळा करतो आणि हा कशानंही. 'अ बिट ऑफ' लावलंय म्हणजे साहेबांनी जरा मऊ करून सांगितलंय. व्हिक्टर ह्यूगोच्या १८७४ च्या एका कादंबरीत अशी सुटलेली तोफ आहे, ज्या गोलंदाजानं ती नीट बांधली नाही तोच जिवावर उदार होऊन तिला आवरतो, मग सरदार त्याच्या छातीवर पदक लावतो आणि लगेच गोळ्या घालायला लावतो. घाबरवत नाही, आठवलं म्हणून सांगितलं.

रंकाळा_काठ:
आयला. सर, मी त्या मेलला 'थँक यू सर' म्हणून रिप्लाय देऊन बसलोय, सगळी टीम सीसीत आहे. ड्रॉइंग चुकलंयच पण.