प्रतिसाद: मोठा झोन म्हणजे भारी अर्क नव्हे

वर एकांनी दोन वनस्पती-अर्कांत भिजवलेल्या डिस्क (कागदी चकत्या) जिवाणूंच्या थरावर ठेवून, त्यांभोवतीचे झोन (जिवाणू न वाढलेली वर्तुळं) मोजून 'ज्याचा मोठा तो जास्त प्रभावी' असा निष्कर्ष काढलाय. तिथे जरा थांबा. झोन किती पसरणार हे अर्कातले घटक अगारमधून (जिवाणू वाढवायच्या जेलीतून) किती सरकतात यावरही ठरतं. तेलकट, पाण्यात न विरघळणारे घटक डिस्कजवळच अडकतात. मारक असले तरी झोन चिमुकलाच दिसतो. (आणि ६ मिमीच्या डिस्कभोवती ८ मिमीचा झोन, त्यात डिस्कही मोजलेली, म्हणजे कडेला जेमतेम १ मिमी! त्याला काय अर्थ?)

तुलना करायचीच तर ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत एमआयसी (वाढ थांबवणारं अर्काचं सर्वात कमी प्रमाण) काढा. गडद हिरव्या अर्कात जिवाणू वाढल्याने येणारा गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, म्हणून शेवटी रेझाझुरिन हे रंगद्रव्य घालायचं: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर जिवाणू जिवंत. अर्क ज्यात विरघळवला त्या नुसत्या द्रावकाचा (मेथॅनॉलचा किंवा डीएमएसओचा) कंट्रोल, म्हणजे अर्काशिवायची तुलना-चाचणी, मात्र कुणीच लावलेला दिसत नाही. मग मारलं कुणी, अर्काने की द्रावकाने?

ई. कोलाय या जिवाणूवर परिणाम दिसला नाही म्हणून अर्क लगेच बाद करू नका. त्याच्या बाहेरच्या पटलामुळे पुष्कळ घटक आत शिरतच नाहीत. असं पटल नसलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर लावून बघा, आणि बुरशीसाठी कँडिडावर.