गोडोमधला कुस्तीचा गेम फ्लॅटहबवर टाकायचाय, कुठं काय अडतं?

लाल_माती, राजारामपुरी
मंडळी, गोडो ४ या गेम-इंजिनात केलेला टू-डी कुस्तीचा गेम आहे, तो फ्लॅटहबवर, म्हणजे लिनक्सच्या फ्लॅटपॅक ॲप्सच्या दुकानात, टाकायचाय. सोर्स गिटहबवर, लायसन्स एमआयटी. स्वतःचं डोमेन नाही, मग ॲप आयडी काय द्यायचा? एक्सपोर्ट केलेली बायनरी (तयार चालणारी फाइल) तशीच दिली तर चालते का? आणि घरच्या बिल्डमध्ये गेम सुरू होतो, पण गेमपॅड मुका. कीबोर्ड चालतो. मेनू सगळा मराठीत आहे, त्याचा काही त्रास?

रंकाळा_टर्मिनल
डोमेन नसलं तरी चालतं. आयओ डॉट गिटहब डॉट तुमचं युजरनेम डॉट गेमचं नाव, असे चार तुकडे हवेत. तिनावर भागवलं की लिंटर (नियम तपासणारा प्रोग्रॅम) परत पाठवतो. आयडी नीट विचार करून ठरवा, नंतर बदलणं म्हणजे सगळी कटकट पुन्हा.

बायनरी देऊ नका. सोर्स खुला आहे तर बिल्ड सोर्समधूनच व्हायला हवा. अख्खं इंजिन मात्र कंपाइल करत बसायची गरज नाही: गोडोचं बेसॲप (आधीच बांधलेलं इंजिन) फ्लॅटहबवर आहे, तुमच्या गोडोच्या आवृत्तीशी जुळणारी ब्रँच मॅनिफेस्टमध्ये (बिल्ड कसा करायचा ते सांगणारी फाइल) बेस म्हणून लावा. बिल्डच्या वेळी फक्त पीसीके फाइल (गेमच्या सगळ्या सामानाचा गठ्ठा) काढायची, ती गोडो-रनर डॉट पीसीके या नावानं बिन फोल्डरात ठेवायची आणि कमांड म्हणून गोडो-रनर द्यायची. सोर्स देताना गिटचा टॅग (आवृत्तीची खूण) आणि कमिट (त्या बदलाचा क्रमांक) दोन्ही लिहा. बिल्ड चालू असताना इंटरनेट बंद असतं, त्यामुळे एखादा प्लगइन तिथंच डाउनलोड होईल या भरवशावर राहू नका.

परवानग्यांत वेलँड, फॉलबॅक एक्स११ (दोन्ही खिडकी दाखवायला), आयपीसी (एक्स११ ला लागते), पल्सऑडिओ (आवाज) आणि डीआरआय (ग्राफिक्स) एवढं पुरतं. होम फोल्डर मागूच नका. गोडोचा युजर फोल्डर आपोआप होममधल्या डॉट-वार, ॲप, तुमचा आयडी, डेटा इथं जातो, सेव्ह तिथंच राहतात. उगाच होम मागितलं की तपासणारे कारण विचारणारच.

शिवाजीपेठ_८६
गेमपॅडचं उत्तर वरच्याच यादीत आहे भावा. डीआरआय म्हणजे फक्त ग्राफिक्स, पॅडची नोड (सिस्टिममधली त्याची फाइल) सँडबॉक्सच्या, म्हणजे ॲपभोवतीच्या कुंपणाच्या, बाहेरच राहते. डिव्हाइस-इनपुट ही नेमकी परवानगी फ्लॅटपॅक १.१५.६ पासून आली, पण उबुंटू २४.०४ वर अजून १.१४ आहे. तिथं पॅड मुकाच राहील. म्हणून सध्या डिव्हाइस-ऑल द्या आणि पुल रिक्वेस्टमध्ये (गेम घ्या म्हणून गिटहबवर पाठवायची विनंती) एका ओळीत कारण लिहा.

कागल_कोडर
मराठीचा विषय जरा हार्ड आहे. गोडो ३ मध्ये देवनागरीची जुळणीच होत नव्हती: ‘मिसळ’मधली वेलांटी म-च्या पुढं जायची, ‘कोल्हापूर’मधला ‘ल्ह’ फुटायचा. गोडो ४ मध्ये हार्फबझ (अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) आहे, ते दुखणं गेलं. फॉन्ट मात्र गेमसोबतच द्या. तुमच्या मशीनवर सिस्टिमचा फॉन्ट उचलून सगळं झकास दिसतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर नुसते चौकोन. मुक्त हा फॉन्ट ओएफएल या फॉन्टच्या खुल्या लायसन्सवर आहे, लायसन्सची फाइल सोबत ठेवा.

मेटाइन्फोत (गेमची ओळख देणारी फाइल) मात्र उलटं. बिनटॅगचा सारांश आणि वर्णन इंग्रजीत, मराठी मजकूर एक्सएमएल-लँग एमआर हा भाषेचा टॅग लावून खाली. आयडी मॅनिफेस्टशी अक्षरशः जुळला पाहिजे. ओएआरएस १.१ चं (गेममधल्या हिंसेबिंसेची पातळी सांगणारं) कंटेंट रेटिंगही लागतं. कुस्ती आहे म्हणून सगळंच शून्य ठेवू नका, झटापट ज्या पातळीची तीच लिहा. आयकॉन एसव्हीजी किंवा निदान २५६ बाय २५६ चा पीएनजी.

आणि हलगीचा ट्रॅक कुठून घेतलाय? कोड एमआयटी असला म्हणून आवाज एमआयटी होत नाही. पुढं वाटायची परवानगी नसलेली एक फाइलसुद्धा सबमिशन अडवते.

लाल_माती, राजारामपुरी
हलगी मित्रानं वाजवलेली, लेखी परवानगी घेतो. पॅड चालला! पण नव्या क्लोनवर (गिटहबवरून ताजी उतरवलेली प्रत) बिल्ड केल्यावर ‘एक्सपोर्ट प्रीसेट सापडत नाही’ म्हणतोय. जुन्या फोल्डरात हाच बिल्ड चालत होता.

रंकाळा_टर्मिनल
गिटइग्नोर (गिटनं काय वगळायचं त्याची यादी) बघा. एक्सपोर्ट-प्रीसेट्स डॉट सीएफजी (एक्सपोर्टच्या सेटिंगची फाइल) त्यात असणार, म्हणून ती रेपोत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) गेलीच नाही. काढा, कमिट करा, नवा टॅग मारा. प्रीसेटचं नाव कमांडमध्ये जसंच्या तसं हवं, स्पेस आणि कॅपिटलसकट. डॉट-गोडो फोल्डर (इम्पोर्ट केलेली चित्रं वगैरे) इग्नोरमध्येच राहू द्या, पण मग पीसीकेच्या आधी हेडलेस (खिडकी न उघडता) इम्पोर्टची एक ओळ टाका, नाहीतर पैलवान दिसायचा नाही, नुसता आखाडा.

त्यानंतर लिंटर तीनदा चालवा: मॅनिफेस्टवर, मेटाइन्फोवर आणि बिल्डमधून तयार झालेल्या रेपोवर. पुल रिक्वेस्ट फ्लॅटहबच्या न्यू-पीआर ब्रँचवर, मास्टरवर नव्हे. इथं बरेचजण घसरतात. मंजूर झाल्यावर तुमच्या गेमची वेगळी रेपो बनते आणि आमंत्रण येतं. ते आठवड्याच्या आत स्वीकारायचं, आणि गिटहबवर टू-फॅक्टर (लॉगिनची दुहेरी तपासणी) आधीच चालू पाहिजे.