कोकरांची सहकारी विक्री : दलाल हटवाल, पण रोख कोण मोजणार?

माणकाठ
‘दुधात अमूलने जे केले तेच धनगरांनी कोकरांत करावे, संस्था काढा, वजनावर विका, दलाल आपोआप उपाशी मरेल,’ असे काल एका सदस्याने येथे लिहिले आणि वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेतल्या किती जणांनी तीन महिन्यांचे कोकरू कधी उचलून पाहिले आहे, हे विचारण्याचा मोह आवरून मी माझा अनुभव लिहितो. २००९ पासून पाच वर्षे मी अशाच एका संस्थेचा सचिव होतो आणि ती बंद करण्याच्या ठरावावर सही माझीच आहे.

आमचे ६२ सभासद होते. बाजारात कोकरू उक्ते, म्हणजे वजन न करता अंदाजाने विकले जाते. व्यापारी कमरेवर पंजा दाबून मांस चाचपतो, दलालाशी उपरण्याखाली बोटे धरून सौदा करतो, आणि ज्याचे कोकरू आहे त्यालाच किंमत सर्वांत शेवटी कळते. आम्ही ठरवले की काट्यावर, जिवंत वजनावरच घ्यायचे. पिंजऱ्याचा काटा आणला. पहिल्याच दिवशी लक्षात आले की कोकरू पिंजऱ्यात स्वस्थ उभे राहत नाही, आकडा १८ आणि २१ यांच्यामध्ये नाचत राहतो आणि मालक २१ वर बोट ठेवतो. दुसऱ्या आठवड्यापासून सभासद कोकरांना मीठ चाटवून, पोटभर पाणी पाजून आणू लागले. रात्रभर उपाशी ठेवूनच आणण्याचा नियम केला, तेव्हा ‘व्यापारी तरी असे छळत नव्हता’ हे ऐकून घ्यावे लागले.

तरीही पहिल्या हंगामात कोकरामागे ४०० रुपये जास्त पडले, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या वर्षी मुंबईच्या खरेदीदाराने पैसे ४० दिवस अडकवले आणि ज्यांच्या घरी लग्ने होती ते सभासद मुकाट्याने जुन्या व्यापाऱ्याकडे गेले. दूध रोज निघते. आजचे पैसे थकले तरी उद्या पुन्हा दूध असतेच. कोकरे वर्षातून एकदा-दोनदा विकायची असतात आणि त्यातच किराणा, औषधे, पोरांची फी असे सगळे भागवायचे असते. अमूलचे नाव घेणाऱ्यांनी एवढा एक फरक समजून घ्यावा.

हिशेबनीस
आपल्या संस्थेबद्दल आदर राखून सांगतो, की बुडाली ती आपली व्यवस्था. त्यावरून कल्पनाच चुकीची होती असे ठरत नाही. खेळत्या भांडवलाशिवाय खरेदी सुरू करणे आणि एकाच खरेदीदारावर विसंबणे ही चूक कोणताही लेखापरीक्षक पहिल्या पानावर लिहील. १९४६ मध्ये अमूलची सुरुवात करणाऱ्या, गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडे तरी काय होते? त्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले, पण फुटले नाहीत. शिवाय कंपनी कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीनंतर दहा उत्पादक मिळून उत्पादक कंपनी काढू शकतात, तेव्हा सहकार कायदा आडवा येतो हे नेहमीचे रडगाणे आता पुरे. न्यूझीलंडमध्ये १९४८ पासून शेतकऱ्यांच्या मालकीची अलायन्स ही संस्था कोकरांचे मांस जगभर विकते. तिथला मेंढपाळ आकाशातून पडलेला नाही.

माणकाठ
अलायन्सचा दाखला आपण दिलात हे बरे झाले, कारण त्याच सभासदांनी २०२५ मध्ये कर्जाच्या ओझ्यापायी ६५ टक्के हिस्सा आयर्लंडच्या डॉन मीट्स या मांसकंपनीला २५ कोटी न्यूझीलंड डॉलरला देण्याच्या बाजूने मतदान केले. अमेरिकेत मेंढपाळांच्या सहकारी संस्थेची मालकी असलेली माउंटन स्टेट्स रोझन ही कंपनी मार्च २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ग्रीली शहरातला तिचा कत्तलखाना जेबीएस या बड्या मांसकंपनीने घेतला. भांडवलाचा मुद्दा आपला बरोबर आहे, तो मी मान्य करतो. फक्त ते भांडवल ६२ धनगरांनी कोणत्या खिशातून काढायचे, तेही त्या लेखापरीक्षकाने पहिल्याच पानावर लिहावे.

वाड्यावरची
दोघेही संस्थेचे कार्यालय गावात आहे असे गृहीत धरून भांडत आहात. दिवाळीनंतर आमची मेंढरे गावात असतात कुठे? कोकरे विकायला येतात तेव्हा आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला तळ, घरापासून दीडशे किलोमीटरवर कोणाच्या तरी उसाच्या फडात बसवलेला असतो. आपला काटा तिथे येणार आहे का? व्यापारी मोटारसायकलवर शोधत येतो. एका पावसाळ्यात रात्रीतून अकरा कोकरे दगावली, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा ज्याला येथे सगळे ‘दलाल’ म्हणून शिव्या देत आहेत त्याने पाच हजार रुपये उचल म्हणून हातात ठेवले. पुढच्या हंगामात त्याने ती उचल भाव पाडून दुप्पट वसूल केली, हेही मला ठाऊक आहे. पण त्या रात्री संस्था कुठे होती? आणखी एक सांगते. कोकरू वाढवते बाई, आजारी पडले तर रात्रभर घोंगडीत घेऊन बसते बाई, आणि सभासदांच्या यादीत नाव असते घरच्या पुरुषाचे. सचिवसाहेब, आपल्या ६२ जणांत बायका किती होत्या?

माणकाठ
तीन. त्याही आरक्षणाच्या जागांसाठी. आपला आक्षेप योग्य आहे.

जतकर
मूळ दुखण्यावर कोणी बोलतच नाही. चार महिन्यांत १५ किलोही न भरणारी काळी दख्खनी जातीची कोकरे घेऊन बाजारात जायचे आणि भाव मिळत नाही म्हणून संस्था काढायच्या, हा उलटा कारभार आहे. माडग्याळ जातीची मेंढी पाळा. आमच्याकडे व्यापारी घरी येऊन इसार देऊन जातो. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोट सांगून ती नाकारली, हे देशभरच्या वृत्तपत्रांनी छापले. माल चांगला असेल तर सहकार लागत नाही.

वाड्यावरची
मागणी आली, छापून आले. खाटकाने किती दिले ते सांगा. ती किंमत पैदाशीच्या मेंढ्याच्या बाकदार नाकाची आणि हौसेची होती, मटणाची नव्हती. आपली माडग्याळ एकदा आमच्याबरोबर घाट उतरवून दाखवा. दख्खनी उन्हात वीस किलोमीटर चालते, वाळल्या काटक्यांवर जगते, आणि तिच्या लोकरीची घोंगडी आजही माझ्या अंथरुणात आहे. व्यापाऱ्यांच्या हौसेपायी कळपात लांब कानांचे नर सोडले, त्या घरांत आता कातरायला धड लोकर नाही.

जतकर
लोकरीला आता विचारतो कोण? कातरणाऱ्याची मजुरी लोकरीपेक्षा जास्त होते. आठवणींवर कळप चालत नाही, ताई.

वाड्यावरची
आणि बातम्यांवर तर मुळीच चालत नाही, दादा. आपला कळप दावणीला बांधलेला आहे, त्याला मका आणि पेंड विकत आणावी लागते. तो खर्च वजा करून कोकरामागे काय उरते ते एकदा येथे मांडा, मग मी माझ्या मेंढ्या विकते.

हिशेबनीस
जातीच्या या वादात एक भर घालतो, म्हणजे दोघेही माझ्यावर रागावतील. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनीत आणून सुवर्णा ही मेंढी तयार केली. एका वेताला दोन कोकरे मिळाली तर भावातली तूट काही अंशी तिथेच भरून निघते.

वाड्यावरची
दोन कोकरांना दूध कोण पाजणार? चारा असलेल्या घरी जुळे म्हणजे लक्ष्मी. मार्च महिन्यात चालत्या वाड्यावर जुळे म्हणजे एक कोकरू खांद्यावर आणि एक गाढवावर.

हैदराबादचा मराठी
मेंढीच्या नाकावरून भांडण संपले असेल तर शेजारी पाहा. तेलंगणात २०१७ पासून प्राथमिक मेंढीपालक सहकारी संस्थांच्या सभासदांना ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक मेंढा अशी एकके वाटली गेली. २०१९ च्या पशुगणनेत ते राज्य १ कोटी ९१ लाख मेंढ्यांसह देशात पहिले आले. महाराष्ट्रात २७ लाखांच्या आसपास आहेत. पण पुढे त्याच वाटपातल्या गैरव्यवहारांची चौकशी भ्रष्टाचारविरोधी विभागाला करावी लागली. संस्था मेंढ्या घेण्यासाठी निघाल्या होत्या, कोकरे विकण्यासाठी नव्हे. आपल्याकडची महामेश योजनाही त्याच साच्यातली आहे, २० अधिक १ आणि ७५ टक्के. विक्रीच्या दिवशी त्या एककाचा मालक पुन्हा एकटाच बाजारात उभा असतो.

हिशेबनीस
हा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि माझ्या बाजूचाच आहे. अनुदान खरेदीला न देता पहिल्या तीन हंगामांच्या रोखीसाठी द्यावे. श्रावणात मटणाला गिऱ्हाईक नसते आणि आषाढात तुटून पडते, हे काय नवे आहे? बकरी ईदही दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. त्या तारखांना धरून कोकरे थोपवण्याची ताकद एकट्या मेंढपाळात नाही, पण साठ जणांत असू शकते.

माणकाठ
असू शकते, जर त्या साठ जणांचा वाडा व्यापाऱ्याआधी संस्थेला सापडला तर. वाड्यावरच्या ताईंचा मुद्दा मला पाच वर्षांत सुचला नाही, हे कबूल करायला संकोच वाटतो. आम्ही काटा कार्यालयात सिमेंटच्या चौथऱ्यावर घट्ट बसवला होता. तो मोटारसायकलच्या मागे बांधून वाड्यावर नेला असता आणि सोबत निम्मी रोख नेली असती, तर कदाचित आमचे आणखी दोन हंगाम निघाले असते. बाकी निम्मी रोख कोठून आणली असती, ते मला अजूनही सांगता येत नाही. काटा माझ्या गोठ्यात पडून आहे. ज्या सदस्याने काल ‘संस्था काढा’ असे लिहिले त्यांनी तो फुकट न्यावा. आषाढाच्या आधी न्यावा, आणि येताना पैसे घेऊन यावे.

जतकर
किती किलोपर्यंत मोजतो? माझा मेंढा नव्वदच्या पुढे आहे.

माणकाठ
दीडशे. पण आधी रात्रभर उपाशी ठेवून आणा.