नवा 11 इंची टॅब फवारणीच्या नोंदींना चालेल का? आणि बाजारात टिकेल का?

मांडव_तासगाव:
नमस्कार मंडळी. एका नव्या कंपनीचा अँड्रॉइड टॅब 14-15 हजारांत मिळतोय. 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, 8000 एमएएच बॅटरी, फक्त वायफाय. एक्स्पोर्टच्या द्राक्ष प्लॉटची फवारणी वही ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत त्यावरच ठेवायचा विचार आहे. शंका दोन. बागेत काम देईल का? आणि कंपनीनेच गाशा गुंडाळला तर दोन वर्षांत डबा होऊन बसेल का?

शिवार_शीट:
वही भरायला 11 इंच झकास. ग्रेपनेटला (एक्स्पोर्टच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंदणी) नोंदवलेल्या प्लॉटला तारीख, नोंदणी क्रमांक, कोणत्या रोग-किडीसाठी मारलं (डाऊनी, भुरी, थ्रिप्स), औषधातला घटक, बॅच नंबर, लिटरला किती, एकूण पाणी, पीएचआय (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस) एवढं तरी लिहावंच लागतं. फोनवर इतके रकाने आडवे सरकवत भरताना एका ओळीचा डोस दुसऱ्या ओळीत जातो. टॅबवर अख्खी ओळ समोर दिसते.

गुगल शीट्समध्ये शेवटी एक रकाना वाढवा: फवारणीची तारीख अधिक पीएचआयचे दिवस. 10 डिसेंबरला मारलं आणि पीएचआय 50 दिवसांचा असेल तर 29 जानेवारी आपोआप येते. त्या प्लॉटच्या सगळ्या ओळींत जी तारीख सर्वात उशिराची, तिच्याआधी घडाला कात्री लावायची नाही. मालात औषधाचा अंश किती उरला ते सांगणारा रेसिड्यू रिपोर्ट त्यानंतरही लागतोच. शीटच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत आहे ना ते आधी बघा. अमेरिका राहिलं असेल तर 5/12 लिहिल्यावर ते 12 मे धरतं आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. टॅब वायफायचा असेल तर घरातून निघण्याआधी फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा.

आता अडचणी. या किमतीत पडद्याची चमक 400 निट्सच्या आसपास असते. मांडवाच्या सावलीत भागतं, बांधावर उन्हात मात्र आपलंच तोंड दिसतं. त्याहून मोठी अडचण कॅमेऱ्याची. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा फिक्स फोकस असतो आणि पुडीवरचा बॅच नंबर अगदी बारीक, कधी कधी चुरगळलेल्या कडेवर छापलेला. दुकानात जाताना रिकामी, धुतलेली पुडी पिशवीत न्या. लेबल 10-15 सेंटिमीटरवर धरून पडद्यावर टिचकी मारा. अक्षरं स्वच्छ झाली नाहीत तर ऑटोफोकस नाही, मग लेबलचे फोटो फोननेच काढावे लागतील.

दुरुस्ती_टेबल_सांगली:
दादा, टिकण्याचं उत्तर रॅममध्ये सापडत नाही. एचपीचा टचपॅड 2011 मध्ये आला आणि 49 दिवसांत कंपनीने तो बंद केला. त्याच्या वेबओएस या प्रणालीवर अ‍ॅप्सच पुरेशी नव्हती. त्याच वर्षीच्या ब्लॅकबेरी प्लेबुकमध्ये स्वतःचं ईमेल अ‍ॅप नव्हतं, ते फेब्रुवारी 2012 मध्ये आलं. आपला सरकारी स्वस्त टॅब आकाश 5 ऑक्टोबर 2011 ला जाहीर झाला. किंमत ऐकून लोक तुटून पडले, पण आत 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि दाबल्याशिवाय न चालणारा रेझिस्टिव्ह पडदा. आयपॅडने 2010 मध्ये पहिल्याच दिवशी आयफोनची अ‍ॅप्स चालवून दाखवली होती. लोक टॅबवर काय करता येतं ते बघतात.

अ‍ॅप्सचा प्रश्न अँड्रॉइडमुळे तुमच्यापुरता सुटला. उरले अपडेट आणि सुटे भाग. प्ले स्टोअर उघडून प्रोफाइल, सेटिंग्ज, अबाउट इथे जा. ‘प्रमाणित’ लिहिलेलं नसेल तर टॅब तिथेच ठेवून या. मग टॅबच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. नवा माल आणि पॅच वर्षभर जुना, तर पुढेही कोणी विचारणार नाही. खोक्यावर ‘12 जीबी रॅम’ असेल आणि बारीक अक्षरांत 4 अधिक 8, तर ते 8 म्हणजे स्टोरेजचाच उसना तुकडा आहे, वेग त्याने वाढत नाही.

मुख्य गोष्ट डिस्प्ले कॉम्बोची. काच आणि पडदा चिकटवलेले असतील तर तडा गेल्यावर दोन्ही एकत्र बदलावे लागतात. मॉडेल नंबर घेऊन दोन-तीन दुरुस्तीवाल्यांना विचारा. कॉम्बो कुणाकडेच नसेल तर एका पडण्यात टॅब गेला समजा. छाटणी तोंडावर आली असेल तर भाग मिळणाऱ्या जुन्या कंपनीचाच घ्यावा, नव्याला एक हंगाम जाऊ द्या.

मिरज_पॅकहाऊस:
वायफायचा घेऊच नका, सिमचा घ्या. फोनचं हॉटस्पॉट फवारणीला गेलेल्या माणसाच्या खिशात राहतं आणि नोंद संध्याकाळवर ढकलली जाते. संध्याकाळी बॅच नंबर कुणाला आठवत नाही.

मांडव_तासगाव:
सिमचं पटलं. हातमोजे घालून टच चालतो का? ब्लोअर (ट्रॅक्टरचा फवारा) चालू असताना नोंद करता आली तर बरं.

शिवार_शीट:
पातळ नायट्राइल मोजा कोरडा असेल तर बहुतेक चालतो, जाड रबरी नाही. पडद्यावर पाण्याचे थेंब असले की बोट एकीकडे आणि टच भलतीकडे. पण औषधाच्या मोज्याने टॅबला हात लावायचाच नाही, तोच टॅब नंतर घरात पोरांच्या हातात जातो. बोर्डोचे (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) शिंतोडे चार्जिंगच्या खाचेत गेले तर मोरचुदाने पिना खराब होतात, म्हणून रबरी बूच असलेलं कव्हर घ्या. ब्लोअर चालू असताना टॅब शेडमध्येच ठेवा. डोस पाटीवर खडूने लिहून घ्या आणि टाकी संपली की हात धुऊन शीटमध्ये भरा. ट्रॅक्टरवर उन्हात चार्जिंगला लावू नका. बॅटरी 45 अंशांच्या वर गेली की बहुतेक टॅब चार्जिंग थांबवतात.